पहिल्या घासाच्या आधी

कोल्हापूर,
मंगळवार, रात्रीचे साडेदहा

चि. मनू,

प्रभूच्या नावाने सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझा मेसेज मम्मीच्या मोबाईलवर आला. "पोचले." एवढा एकच शब्द. तो मी दोन-तीनदा वाचला. लहानपणी तू गल्लीतल्या सगळ्या पोरींसारखी "मी आलो, मी जेवलो" म्हणायचीस. इंजिनिअरिंगला असेपर्यंत म्हणत होतीस. आता "पोचले". माणूस जिथं राहतो तिथली बोली तोंडात येणारच, त्यात वाईट काही नाही. वाचताना जाणवलं एवढंच.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय. रविवारच्या जेवणाचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

महालक्ष्मी सुटली तेव्हा मी प्लॅटफॉर्मवरच होतो. तू खिडकीतून मम्मीला हात केलास. मी मागं चहाच्या गाड्याजवळ उभा होतो, तुला दिसलो नसेन. पुढं यायला पाय उचलला होता, तेवढ्यात गाडी हलली. घरी येऊन बघतो तर डबा ओट्यावर तसाच. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंगाची पिशवी. दशम्या सोमवारी आम्ही दोघांनी खाल्ल्या. तुझ्या नावाची एक मम्मीनं झाकून ठेवली होती, संध्याकाळी तीही माझ्याच ताटात आली. कल्याणला उतरून तू काय खाल्लंस, हे मम्मीनं मला चारदा विचारलं. मला काय माहीत?

आत्या सोमवारी सकाळी गेली. सोलापूरच्या स्थळाचं ती तुझ्यासमोर जे बोलली ते मी तिथंच थांबवायला पाहिजे होतं. थांबवलं नाही. उलट तिच्यासमोर मीच तुझ्यावर ओरडलो. पहिला घास तू प्रार्थना न करता तसाच उचललास म्हणून. बघ, काढायचा नाही म्हणालो आणि दुसऱ्याच पानावर विषय आला.

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "चार पैसे मिळवायला लागलीस म्हणून अन्न तुझं झालं काय?" हे बोलायला नको होतं. तू घास ताटात परत ठेवलास आणि म्हणालीस, "पप्पा, देव काय फक्त ताटापाशी येऊन बसतो? मग दिवसभर कुठं असतो?" मला त्या वेळी तुझा फक्त सूर ऐकू आला. प्रश्न काल पहाटे ऐकू आला, झोप लागेना तेव्हा. प्रश्न खरा आहे. शब्बाथ शाळेत मी एवढी वर्षं शिकवलं, एकाही पोरानं मला असं विचारलं नाही.

म्हणून मला जमेल तसं उत्तर देतो. मी शिकलेला माणूस नाही. मला देवाचं जे काही कळलं ते निम्मं शास्त्रातून आणि निम्मं लाकडाच्या भुश्यात.

उद्यमनगरात मी पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करतात तिथं, लागलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी हातात एक पट्टी दिली. मी घरची पट्टी शेजारी धरली तर दोन्हीतला इंच जुळेना. मला वाटलं पट्टी चुकीची आहे. मिस्त्री म्हणाले, ही आकसण्याची पट्टी. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. ॲल्युमिनियमची पट्टी वेगळी, स्टीलची आणखी वेगळी, कारण प्रत्येक धातू आपापल्या परीनं आकसतो. मला ते ऐकून त्या वयातही काहीतरी झालं होतं. बनवणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की हे निवणार, आकसणार, आणि तो त्याचा हिशेब धरूनच साचा करतो. स्तोत्रात म्हटलंय ना, आपण माती आहोत हे तो आठवतो. त्या ओळीचा अर्थ मला पट्टीनं सांगितला.

आणि मी तुझ्या बाबतीत तीच पट्टी वापरली नाही. तू मोठी होताना बदलणार, निवणार, कुठं आकसणार, याला मी एक टक्कासुद्धा जागा सोडली नाही.

दिवाळीत तू लॅपटॉपवर मला तुझं काम दाखवलंस, आठवतं? वितळलेल्या धातूचा रस साच्यात कसा शिरतो, कुठला भाग आधी गोठतो, कुठला शेवटी, सगळं रंगात. लाल, पिवळं, निळं. साच्याशेजारचा रसाचा खांब, म्हणजे रायझर, एका जागेवरून उचलून तू दुसरीकडं ठेवलास आणि आतली पोकळी नाहीशी झाली. आम्ही ते चाळीस वर्षं अंदाजानं करत होतो, कास्टिंग फोडून बघत होतो. मी त्या दिवशी "बरं आहे" एवढंच म्हणालो. रात्री मम्मीला उठवून सांगितलं की आपल्या पोरीला लोखंडाच्या आतलं दिसतं.

तुला रायझर मी काय समजावणार? पण मला तो कसा दिसतो ते ऐक. बाहेरची कड आधी गोठते. आतला गाभा अजून पातळ असतो आणि आकसताना त्याला रस कमी पडतो. तो मिळाला नाही तर आत पोकळी राहते आणि वरून काही कळत नाही. कास्टिंग दिसायला गुळगुळीत, ठोकलं तर आवाजही बरा. पोकळी कळते ती मशीनवर चढवल्यावर, नाहीतर गाडीखाली तुटल्यावर. म्हणून शेजारी जास्तीच्या रसाचा खांब उभा करायचा. त्यानं सगळ्यात शेवटी गोठायचं, तोवर आपल्यातला रस देत राहायचं. आणि काम झालं की त्यालाच हातोड्यानं तोडतात. कास्टिंग रंगवून गिऱ्हाइकाकडं जातं, तो परत भट्टीत. एका गुड फ्रायडेला पाळक साहेब वधस्तंभावर बोलत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर शॉपमधला तुटलेल्या रायझरांचा ढीग आला. तोपर्यंत "तुमच्यासाठी मोडले गेलेले माझे शरीर" हे मी प्रभुभोजनाला दर वेळी ऐकलं होतं, ते फक्त कानांनी. त्या दिवशी भाकरीचा तुकडा गिळेना.

मला भीती आहे ती त्या आतल्या पोकळीची. फोटोत तू हसतेस, पगार वेळेवर येतो, घरी आलीस की नीट बोलतेस. वरून सगळं गुळगुळीत. म्हणून मी जेवणाआधीच्या त्या दोन क्षणांकडं बघतो. मला आत बघायला दुसरी खिडकी नाही.

पुन्हा तिथंच आलो. राहू दे. दुसरं सांगतो.

२०१९ चा पूर तुला आठवतोच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची खूण, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आपल्या घरात जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत. शिरोलीजवळ हायवे बंद, गावाला चारी बाजूंनी पाणी आणि नळाला थेंब नाही. आपण शाळेत राहायला गेलो. तिथली पहिली रात्र मी विसरणार नाही. खिचडी वाढली, सगळे दिवसभराचे उपाशी, आणि तुझ्या आजीनं आपल्या सवयीनं डोळे मिटून मोठ्यानं सुरू केलं, "हे आमच्या स्वर्गातील बापा". मला संकोच वाटला. शेजारी कुंभारकाकांचं घर, पलीकडं बागवान, समोर दोन कोल्हाट्याच्या बायका लेकरं घेऊन. पण हात कुणीच ताटात घातला नाही. आजीचं "आमेन" होईपर्यंत अख्खी ओळ थांबली. मग कुंभारकाका हळूच म्हणाले, "वदनि कवळ" राहिलं की आमचं, आणि त्यांनी ते म्हटलं. आजी त्याच्यासाठी थांबली. खिचडी गार झाली. तेवढी चव मला पुन्हा कशाला लागली नाही.

पाणी उतरल्यावरचं मी कधी बोललो नाही. गणपती तीन आठवड्यांवर आलेले आणि कुंभार गल्लीत मूर्तींचा चिखल झालेला. तू सकाळी बादली घेऊन निघालीस, आणि मी दारात आडवा आलो. म्हणालो, आपल्या लोकांनी मूर्तींना हात लावायचा नसतो, मंडळीत लोक काय म्हणतील. तू म्हणालीस, "पप्पा, मी मूर्ती नाही उचलत, त्यांचं वर्षाचं पोट उचलतोय." तेव्हा तू "उचलतोय" म्हणायचीस. आणि माझ्या हाताखालून निघून गेलीस. तीन दिवस गुडघाभर चिखलात होतीस. मी पहिला दिवस घरात बसलो. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मी पोरांना किती वेळा शिकवली असेल, आणि त्या दिवशी जखमी माणसाला बघून रस्त्याच्या पलीकडनं निघून गेलेला याजक मी होतो. दुसऱ्या दिवशी मीही आलो. तू काही बोलली नाहीस, नुसतं घमेलं माझ्याकडं सरकवलंस.

तिथं काकांनी मला एक दाखवलं. प्लास्टरच्या मूर्ती गेल्या त्या गेल्या, फेकूनच द्याव्या लागल्या. शाडूच्या मूर्तींची मात्र माती झाली होती. ती त्यांनी गोळा केली, खडे काढले, पुन्हा मळायला घेतली. म्हणाले, भाजलेली नव्हती म्हणून बरं झालं. यिर्मयाला देव म्हणतो, कुंभाराच्या घरी जा, तिथं मी तुला माझं वचन ऐकवीन. मी त्या घराच्या भिंतीला भिंत लावून आयुष्य काढलं आणि आत कधी गेलो नव्हतो. तू मला नेलंस.

तेव्हा देव दिवसभर कुठं असतो हे तू मला विचारावंस का? ते तुला माझ्याआधी माहीत होतं. म्हणून तर रविवारी मला जास्त लागलं.

आता यावर तू म्हणशील, मग ताटापाशीच कशाला थांबायचं. आपल्या घराण्यात पाच पिढ्या हे चालत आलंय, १८५२ साली वायल्डर साहेब कोल्हापुरात आले, त्यांच्या मिशनच्या शाळेत आपल्या लोकांच्या हातात पहिली पाटी आली, ज्यांना कुणी पंगतीला बसू देत नव्हतं त्यांना मेजापाशी जागा मिळाली, आणि ती जागा आपण अशी सहज... हे लेक्चर व्हायला लागलं. माफ कर. खोडत नाही, कारण मेजाचं खरंच आहे. आजोबा भाऊसिंगजी रोडवरून मला नेताना दर वेळी सांगायचे, इथं गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल होतं, आणि शाहू महाराज गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे. लोकांदेखत. शिवायचं नाही म्हणून ज्यांना बाजूला ठेवलं त्यांच्या हातचा. आणि लगेच जक्कयाचं सांगायचे, झाडावर चढलेल्या माणसाला प्रभू म्हणाला की आज मी तुझ्या घरी उतरणार. बरोबर खाणं-पिणं ही आजोबांना लहान गोष्ट वाटायची नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभूचे दोन शिष्य अम्माऊस गावाला चाललेत, ते आज पुन्हा काढून वाचलं. साधारण अकरा किलोमीटर. मी सायकलवर शिरोलीला कामाला जायचो, थोडंफार तेवढंच. प्रभूला वधस्तंभावर दिलेलं, म्हणून दोघं खचलेले. तिसरा एक जण येऊन त्यांच्याबरोबर चालायला लागतो, वाटभर बोलतो, आणि तो कोण हे त्यांना कळत नाही. अख्खी वाट तो बरोबर असतो. संध्याकाळी ते त्याला आग्रहानं ठेवून घेतात, तो भाकर हातात घेतो, उपकार मानतो, मोडतो, आणि तेव्हा त्यांचे डोळे उघडतात, की हा तर प्रभूच. तुझ्या प्रश्नाचं मला हेच उत्तर सापडलं, मनू. दिवसभर तो वाटेवरच असतो. लोकलमध्ये, तुझ्या त्या रंगीत पडद्यापाशी, चिखलाच्या घमेल्याजवळ. भाकरीपाशी थांबलं तर तो ओळखू येतो. निदान मला तरी तसाच आला.

तो कसा, ते सांगतो. माझ्या बोटांची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे.

तुझ्या जन्माच्या तीन वर्षं आधीचं. बँडसॉवर दोन पेरं गेली हे तू ऐकलंयस. करवतीचं झाकण महिनाभर काढून ठेवलेलं होतं. मी दोनदा सांगितलं होतं. मालकांनी चूक माझी ठरवली, आणि भरपाई म्हणून पंधरा दिवसांची पगारी रजा. पॅटर्नमेकरचा उजवा हात. मी देवाशी बोलणं बंद केलं. मोठ्या आवाजात नाही, चर्चला जात होतो, कोट घालून पहिल्या बाकावर बसत होतो. फक्त आत काही नव्हतं. वर्ष-दीड वर्ष.

शॉपमध्ये मामू होते, वाळूकाम बघायचे. वयानं मोठे. आम्ही दोघं एकत्र डबा खायचो. मी घासाआधी डोळे मिटायचो ते त्यांना माहीत होतं, ते तेवढं थांबायचे. अपघातानंतर कामावर परतलो, डबा उघडला आणि डाव्या हातानं सरळ जेवायला लागलो. मामूंनी हात घातला नाही. म्हणाले, "मिस्त्री, तुमचं व्हायचंय अजून." मी म्हणालो, आता नाही करत. ते म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबले. तिसऱ्या दिवशीही. काही बोलायचे नाहीत, भाकरी हातात धरून दोन क्षण नुसते बसायचे आणि मग खायचे. माझी जागा त्यांनी राखून ठेवली, वर्षभर, एका मुसलमान माणसानं. त्यांना त्यातून काय मिळणार होतं?

घरी मम्मी तसंच. रात्रपाळी करून यायची, माझा डबा भरायची, आपलं डोकं खाली घालायची, माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. एकदाही म्हणाली नाही की तू का करत नाहीस. एक दिवस दुपारी मामू असेच थांबले होते आणि माझे डोळे आपोआप मिटले. शब्द कुठला आला नाही. उघडले तर ते जेवायला लागले होते, नेहमीसारखे.

मला माझ्या अविश्वासात दोन माणसं मिळाली, दोघंही ओरडली नाहीत. आणि माझी लेक एकदा थांबली नाही तर मी चार माणसांत ओरडलो.

तू प्रार्थना करतेस की नाही, यापेक्षा मला दुसरंच सतावतंय. तिथं तुझ्यासाठी थांबणारं कोण आहे? खोलीतल्या दोघी वेगवेगळ्या पाळीत. तू उभ्यानं खातेस, मोबाईल बघत खातेस, हे तूच मम्मीला सांगितलंस. मी दिवसाकाठी दहा वेळा स्वतःला बजावतो की पोरगी चोवीस वर्षांची आहे, आणि दुपारी एक वाजला की पुन्हा तेच मनात येतं. एक वाजता तू डबा उघडतेस. तेव्हा समोर कुणी असतं का?

म्हणून मी एक ठरवलंय, तुला काही करायला सांगत नाही. रोज एक वाजता मी पान वाढून घेतो आणि दोन क्षण थांबतो. माझ्या वाटचे झाले की तुझ्या वाटचे दोन. मम्मीनं काल विचारलं, एवढा वेळ काय चाललंय. मी म्हणालो, मनूचं व्हायचंय अजून.

उद्या गल्लीतला पोरगा ठाण्याला निघालाय, त्याच्याबरोबर पिशवी देतोय. नवी चटणी आहे, मम्मीनं यंदा तिखट थोडं कमी घातलंय, तुझ्या त्या पोटाच्या दुखण्यामुळं. गुळाची एक छोटी ढेप आहे, ती डब्यात घालून ठेव, मुंग्या लागतील. भडंग तेच, रविवारचं. मऊ पडलं असेल तर कढईत जरा परतून घे. चटणीच्या बरणीचं झाकण मी घट्ट लावलंय, उघडलं नाही तर गरम पाण्याखाली धर.

मम्मीचा गुडघा बरा आहे. ती सलाम सांगते.

तुझा
पप्पा